अँथनी जॉन्सन : व्हर्जिनियातील एका आद्य वसाहतकाराचा दप्तरांतून मागोवा

अमेरिकेतील आद्य वसाहतकारांचा वंशशोध शिरगणती, जमिनीच्या सनदा, न्यायालयीन नोंदी व मृत्युपत्रे यांच्या आधारे घेतला जातो. पूर्वजाचे नाव व आडनाव सर्वत्र सारखे असल्यास हे काम तुलनेने सुलभ होते. तथापि, ज्या आफ्रिकी व्यक्तींचे आडनावच प्रारंभी नोंदले गेले नाही, त्यांच्या बाबतीत अन्य पुरावे निर्णायक ठरतात. अँथनी जॉन्सन यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१६२५ च्या प्रारंभी झालेल्या व्हर्जिनियाच्या शिरगणतीत बेनेट यांच्या मळ्यावर ‘अँटोनियो, नीग्रो’ अशी नोंद असून, तो १६२१ मध्ये ‘जेम्स’ जहाजातून आल्याचा उल्लेख आहे. त्याच मळ्यावर १६२२ मध्ये आलेल्या मेरी या आफ्रिकी स्त्रीचीही नोंद आढळते. यानंतर नोंदींत मोठा खंड पडतो. पुढे १६५१ मध्ये अँथनी जॉन्सन यांना पाच व्यक्ती वसाहतीत आणल्याबद्दल, दर व्यक्तीमागे ५० एकर याप्रमाणे, २५० एकर जमीन मिळाली.

अँटोनियो व जॉन्सन ही एकच व्यक्ती, हे कशावरून मानावयाचे? १६५३ मध्ये आगीत नुकसान झाल्यामुळे जॉन्सन यांच्या पत्नीस व दोन मुलींस न्यायालयाने करमाफी दिली. त्या आदेशात पत्नीचे नाव मेरी असून दोघांचे वास्तव्य तीस वर्षांहून अधिक असल्याचे नमूद आहे. आगमनाची वर्षे व पत्नीचे नाव यांचा हा मेळच ओळखीचा मुख्य आधार होय. येथे कालगणनेचे भान आवश्यक ठरते. तत्कालीन इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने मूळ कागदांवर या नोंदींची वर्षे अनुक्रमे १६२४ व १६५२ अशी आढळतात.

दप्तरांतून उभे राहणारे हे चरित्र एकरंगी नाही. सेवेची ठरलेली मुदत संपूनही जॉन्सन यांनी आपणांस अडकवून ठेवले, असा जॉन कॅसर या आफ्रिकी सेवकाचा दावा होता; मात्र १६५५ मध्ये न्यायालयाने त्यास जॉन्सन यांच्याच ताब्यात परत दिले. पुढे जॉन्सन कुटुंब मेरीलँडला गेले. १६७० मध्ये अँथनी यांच्या निधनानंतर व्हर्जिनियातील पंचांनी ते ‘नीग्रो, म्हणून परकीय’ असल्याचे ठरवून तेथील जमीन सरकारजमा होण्याचा मार्ग मोकळा केला. ज्या वसाहतीच्या न्यायालयाने सतरा वर्षांपूर्वी त्यांचे प्रदीर्घ वास्तव्य नोंदविले होते, त्याच वसाहतीचा हा निर्णय होता.

१६७७ मध्ये नातू जॉन याने मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन घेऊन तिला ‘अंगोला’ असे नाव दिले. आजोबांच्या मूळ प्रदेशाचा तो संकेत असावा, असे अनुमान करता येते. तो निर्णायक पुरावा मात्र नव्हे. सारांश, अशा पूर्वजाचा शोध घेताना नावाच्या साम्यावर विसंबून न राहता जहाज, जमीन, जोडीदार व वास्तव्यकाळ यांची परस्परांशी पडताळणी करणे हेच अधिक विश्वसनीय ठरते. तसेच, कागदावरील ‘परकीय’ हा शब्द त्या माणसाच्या मुळांविषयी नव्हे, तर तत्कालीन कायद्याच्या बदलत्या दृष्टीविषयी अधिक सांगतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.