आडनावात गाव, नावात धर्म

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून गिरगावातल्या कोणत्याही जुन्या चाळीत शिरावे आणि जिन्याच्या पायथ्याशी लावलेल्या भाडेकरूंच्या नावांच्या फळीवर नजर टाकावी, तर पेणकर, रोहेकर, दिवेकर, चौलकर अशी, पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या नकाशावरून उतरवून घेतल्यासारखी, आडनावे ओळीने दिसावीत, यात नवल ते काय! पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या कोकणी माणसाने आपले गाव नावामागे बांधून आणले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु यांपैकी दिवेकर हे आडनाव जसे चित्पावनाचे असते तसेच ते बेने इस्रायल यहुद्याचेही असते, ही गोष्ट मुंबईकरांच्याही सहसा ध्यानी येत नाही.

चौलनजीक नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात स्त्रिया आणि सात पुरुष वाचले व त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तिचा काळ कोणता, यावर पंडितांनी हवा तेवढा वाद घालावा. मात्र पुढे हे लोक अष्टागर व आसपासच्या मुलखात विखुरले, तेलघाणा चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले, याविषयी दुमत नाही. ज्या गावी घाणा त्या गावचे आडनाव, असा सरळ हिशेब असल्यामुळे अशी शंभराहून अधिक आडनावे या लहानशा समाजात झाली: किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, झिराडच्या एका घराण्याने तर प्रत्ययाचीही गरज मानली नाही, आणि कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात गावच तेवढे उरले.

धर्म शोधायचा तर तो पाळण्यातल्या नावात, आणि तिथेही मराठी वळण होतेच. कंपनी सरकारच्या फौजेतील हुद्देदार सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत समाजी हसाजी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला, असे सांगतात. ते मंदिर 1796 साली मांडवी भागात उभे राहिले आणि बेने इस्रायल लोक त्याला आपल्या बोलीत खुशाल ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. एका वास्तूच्या पाठीशी इब्री धर्म, कोकणी आडनाव आणि मुसलमानी शब्द असे तिन्ही नांदावेत, हे मला तरी या शहराच्या स्वभावाला धरूनच वाटते.

पुढे पलटणींच्या व कचेऱ्यांच्या दप्तरांत स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लिहिण्याची इंग्रजी शिस्त आली आणि बापाचे नावच आडनाव होऊन बसले. मात्र सर्वांचेच तसे झाले नाही: 1916 साली लोकमान्यांवर जामिनाचा खटला झाला तेव्हा बॅरिस्टर जिनांबरोबर त्यांच्या बाजूने उभे राहिलेले एरुलकर आपल्या आडनावानेच ओळखले गेले. उलट ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर नुसते डेव्हिडच राहिले. 1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेल्यावर मुंबईत ही आडनावे उच्चारणारी घरेही थोडी उरली.

1937 साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हेही राजपूरकरच. परंतु वरळीच्या रस्त्याला त्यांचे नाव देताना ‘डॉ. ई. मोझेस’ एवढ्यावरच काम भागवले गेले. महापालिकेने कधी ती पाटी नव्याने रंगवली, तर तिच्यावर राजपूरकर हा एक शब्द अवश्य वाढवावा.