चौथ्या वेळची कमान

माझ्या आजोबांनी जन्मभर दगड घडवला. त्यांचा हात लागलेल्या एकाही पुलावर त्यांचे नाव नाही. म्हणून वेल्समधल्या पॉन्टिप्रिद या लहान गावच्या दगडी पुलाचे छायाचित्र हाती आले, तेव्हा मी आधी बांधणाऱ्याचे नाव शोधले. ते सापडले : विल्यम एडवर्ड्स.

जन्म १७१९ चा. शेतकऱ्याचा मुलगा, पुढे धर्मोपदेशक. गवंडीकाम त्याला कुणी शिकवले नाही. शेतातले दगडी बांध रचता रचता तो शिकला. कार्फिलीच्या पडक्या किल्ल्याचे चिरे न्याहाळून शिकला, असेही सांगतात. त्याचा अंगठा मात्र कुणी मागितला नाही.

१७४६ साली टॅफ नदीवरच्या पुलाचे काम त्याने ५०० पौंडांना घेतले. पूल सात वर्षे टिकवण्याची हमीही त्याच्याच माथी. पहिला, अनेक कमानींचा पूल दोनेक वर्षांत पुराने नेला. वाहून आलेली झाडे खांबांना अडली, पाणी तुंबले. मग पात्रात खांबच नको, एकच कमान, असे त्याने ठरवले. तिचा लाकडी आधार पुरात गेला. तिसऱ्या वेळी कमान पुरी झाली. पण खांदे जड, माथा हलका. खांद्यांच्या दाबाने माथा वर उचलला गेला आणि कमान फुटली.

चौथ्या वेळी त्याने दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल, आरपार पोकळ्या ठेवल्या : नऊ, सहा आणि तीन फूट व्यासाच्या. ओझे कमी झाले. १७५६ साली १४० फुटांची कमान उभी राहिली. त्या काळी ब्रिटनमध्ये एवढी लांब एकच कमान दुसरी नव्हती.

एडवर्ड्स काही दीनदुबळा नव्हता, हे कबूल. पण तीनदा चुकूनही त्याच्या हातातली थापी कुणी काढून घेतली नाही, हे मला त्या १४० फुटांपेक्षा मोठे वाटते. आपल्याकडे पाथरवटाला चुकण्याची अशी मुभा कुणी दिली? त्याची एक चूक साऱ्या जातीच्या नावावर मांडली जाई, आणि कसब मात्र धन्याच्या शिलालेखात जाई. अर्थात, एडवर्ड्ससाठी चारही वेळा चिरे वाहणारे मजूर या कथेत नावाने भेटत नाहीतच.

पुलाचा चढ फार उभा. उतरताना गाड्यांना साखळीने लोढणे बांधावे लागे. १८५७ साली शेजारी सपाट पूल झाला, गाड्या तिकडे गेल्या. जुन्या कमानीवरून आता माणसे पायी जातात.