जुन्या खेळांना नवी किल्ली

गटाच्या बैठकीत कर्ज, व्याज आणि परतफेडीचा विषय संपला की हल्ली एक तक्रार हमखास निघते. पोरं दिवसभर मोबाइलवर गेम खेळत बसतात. म्हणून आजच्या भाषणासाठी आम्ही गेमचाच इतिहास निवडला. त्यात एक गृहिणी आहे, सातबाऱ्यासारखा मालकीचा घोळ आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या काळजाला लागणारी एक गोष्टही आहे.

गेमचे प्रकार पुष्कळ. त्यातला एक म्हणजे ॲडव्हेंचर गेम, मराठीत साहसखेळ म्हणू. यात गोळीबार नाही, घाई नाही. एक गोष्ट असते आणि खेळणारा त्या गोष्टीतलं पात्र होतो. आजी गोष्ट सांगते तेव्हा राजपुत्रानं पुढं काय केलं ते आजी ठरवते. इथं ते आपण ठरवायचं. बंद दार आहे, किल्ली कुठं असेल? वाटेत साप आहे, त्याला कसं हटवायचं? एकेक कोडं सुटलं की गोष्ट पुढं सरकते.

या प्रकाराची सुरुवात १९७६ च्या सुमारास अमेरिकेत झाली. विल क्राउदर नावाचे एक संगणक-तज्ज्ञ होते. त्यांना आणि त्यांच्या पत्नी पॅट यांना डोंगराच्या पोटातल्या गुहा शोधण्याचा छंद होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेला शेजारची दुसरी मोठी गुहा आतून जोडलेली आहे, हे १९७२ मध्ये ज्या तुकडीनं शोधून काढलं तिच्यात पॅट होत्या. पुढं दोघं वेगळे झाले. दोन मुलींना खेळता यावं म्हणून विल यांनी त्या गुहेवरच एक खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं. संगणक अक्षरांत सांगायचा की तुम्ही विटांच्या एका लहान घराजवळ उभे आहात. आपण टाइप करायचं, दिवा घे, किल्ल्या घे, आत जा. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली आणि तो खेळ संगणकांच्या जाळ्यातून गावोगाव पोचला.

१९७९ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या एका घरी पोचला. रोबर्टा विल्यम्स ही पंचविशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई. नवरा केन संगणकाचं काम करायचा. खेळ संपल्यावर तिला तसे आणखी खेळ हवे होते आणि ते फारसे मिळेनात. तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठे कागद पसरून बसली आणि तिनं स्वतःच एक गोष्ट रचली. मोठा वाडा, सात पाहुणे, एकामागून एक होणारे खून. नवऱ्याला म्हणाली, नुसती अक्षरं नकोत, चित्रं पाहिजेत. चित्रं तिनंच काढली, ती संगणकात बसवायचं काम त्यानं केलं. १९८० मध्ये ‘मिस्ट्री हाउस’ या नावानं तो खेळ विकायला आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तबकडी आणि एक कागद, एवढाच माल. आपल्यातल्या कितीजणी लोणचं-पापडाचा पहिला माल असाच पिशवीत भरून बाजारात घेऊन गेल्या आहेत!

चित्रं असलेला तो पहिला साहसखेळ. त्या घरगुती धंद्याची पुढं सिएरा ऑन-लाइन ही मोठी कंपनी झाली. १९८४ मध्ये रोबर्टाच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये सर ग्रॅहम पडद्यावर चालू लागला, झाडामागं जाऊ लागला. १९८८ मध्ये त्याच मालिकेच्या चौथ्या खेळात तिनं राजकन्येला, रोझेलाला, नायिका केलं. दुसरीकडं लुकासफिल्मनं १९९० मध्ये ‘मंकी आयलंड’ काढला. त्यात टाइप करायचं नव्हतं, माऊसनं क्लिक केलं की झालं, आणि विनोद भरपूर. ही पंधरा-सतरा वर्षं साहसखेळांची भरभराटीची होती.

मग हे खेळ मागं पडले. १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकांना वेगवान, झगमगाटी खेळ आवडू लागले. पण त्याहून मोठं संकट यंत्राचं होतं. हे खेळ डॉस नावाच्या जुन्या प्रणालीवर चालायचे. नवे संगणक आले आणि डॉस गेलं. फ्लॉपीवर बुरशी चढली, फ्लॉपी घालायची फटही संगणकातून गेली. आपल्या कपाटात लग्नाची व्हिडिओ कॅसेट असते ना, तसंच हे. कॅसेट आहे, पण ती लावायला व्हीसीआर कुठाय? वस्तू हातात असून लग्न बघता येत नाही.

हा प्रश्न आधी सोडवला तो हौशी लोकांनी, विनामोबदला. २००१ मध्ये ‘स्कमव्हीएम’ आणि २००२ मध्ये ‘डॉसबॉक्स’ असे दोन प्रोग्रॅम तयार झाले. डॉसबॉक्स नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचं सोंग घेतो, आणि जुन्या खेळाला वाटतं की आपण आपल्याच घरी आहोत. किल्ली तयार झाली होती. आता दुकान हवं होतं.

ते दुकान पोलंडमधून आलं. वॉर्सा शहरातल्या दोन शाळूसोबत्यांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाचा धंदा सुरू केला होता. तिथं बाजारात चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट होता. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा मोठा खेळ पोलिश भाषेत आणला, आणि डब्यात नकाशा व पुस्तिका घालून तो परवडेल अशा किमतीला विकला. चोरीच्या प्रतीपेक्षा चांगला माल दिला तर गिऱ्हाईक पैसे देतं, हा त्यांचा हिशेब खरा ठरला. त्याच हिशेबानं २००८ मध्ये त्यांनी ‘गुड ओल्ड गेम्स’ म्हणजे ‘जुने चांगले खेळ’ हे इंटरनेटवरचं दुकान उघडलं. सुरुवातीला बहुतेक खेळांची किंमत सहा किंवा दहा डॉलरच्या आत होती. कुलूप नाही. एकदा पैसे भरून उतरवून घेतला की खेळ आपल्याजवळ, मग इंटरनेट असो-नसो. २०१० पासून सिएराचे जुने खेळ तिथं मिळू लागले. ‘मंकी आयलंड’ची नव्या चित्रांची आवृत्ती २००९ मध्ये आली. त्यात एक कळ दाबली की जुनी चित्रं परत दिसतात. नातवंडं नवं बघतात, आईबाप जुनं.

हे सोपं वाटतं, पण खरी अडचण पुढंच आहे. जुना खेळ पुन्हा विकायचा तर मालक कोण? सिएरा कंपनी १९९६ मध्ये विकली गेली. नंतर तिचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडं फिरत राहिले, आणि २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजनबरोबर मायक्रोसॉफ्टकडं गेले. ‘सिस्टीम शॉक २’ नावाच्या खेळाची गंमत बघा. तो बनवणारी कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि हक्क जाऊन पडले एका विमा कंपनीकडं. एका उत्साही तरुणानं पत्ता लावून परवानगी मिळवली, तेव्हा २०१३ मध्ये तो खेळ पुन्हा विक्रीला आला. पण ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ हा एका स्त्री गुप्तहेराचा खेळ असाच अडकला तो अडकलाच, कारण मालकी नेमकी कुणाची याचा उलगडा झाला नाही. वाटणी न झालेल्या जमिनीसारखं आहे हे. पीक चांगलं येईल, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे हेच नक्की नसेल तर नांगर कोण घालणार?

म्हणून किती खेळ वाचले असं विचाराल तर उत्तर निराशेचं आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथं निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा कुठल्याच दुकानात रीतसर विकत मिळत नव्हते.

आता कोल्हापूरकडं येऊ. आम्ही हा विषय घेतला तो यासाठीच. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीला उभं राहायला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२५ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गेलेला शेतकरी, आणि पोटासाठी शहरात गिरणीकडं धरलेली वाट. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. बचत गट कशासाठी निघाले हे नव्या सभासदांना समजवायला आम्हाला तासभर बोलावं लागतं. तो मूकपट आज असता तर आम्ही प्रत्येक गावात पडदा लावून दाखवला असता. पण त्याची प्रत उरलेली नाही. १९३६ मध्ये बाबूरावांनी तीच कथा बोलपटात पुन्हा आणली, पण म्हणून पहिला मूकपट परत आला नाही.

त्याच कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी प्रभात कंपनी सुरू झाली. तिचा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, दुर्गा खोट्यांची तारामती असलेला, मात्र वाचला. आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना मराठी बोलपट. प्रभात पुढं पुण्याला गेली. तिचा स्टुडिओ जिथं होता त्याच आवारात, जानेवारी २००३ मध्ये, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. प्रभातच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ प्रती तिच्यात गेल्या. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट उरले. उरले ते दुसरी प्रत होती म्हणून.

म्हणजे खेळ असो की सिनेमा, तीन गोष्टी लागतात. वस्तूची एकापेक्षा जास्त प्रत, ती चालवणारं यंत्र, आणि मालकीचा स्वच्छ कागद. तिन्हींतली एक गेली की बाकीच्या दोन असून नसल्यासारख्या.

आज मुलं मोबाइलवर ‘विकत’ घेतात तो खेळही तपासून बघा. बऱ्याच ठिकाणी आपण खेळ घेत नाही, खेळायची परवानगी घेतो. दुकानानं तो काढून टाकला की गेला. कॅलिफोर्निया राज्यानं तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगावं लागतं. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट. तो आपल्या नातींना खेळायला मिळेल का, हे याच तीन गोष्टींवर ठरेल.

आणि आपल्या हातातल्या वस्तूंचं काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आणि गाव लावलं. म्हणून २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या पुन्हा ऐकता येतात, आणि गाणाऱ्या बाईचं नाव तिच्या ओवीजवळच राहतं. आपल्या गटांत आजींची गाणी, पाककृती, बैठकींचे व्हिडिओ फोनमध्ये पडून आहेत. फोन बिघडला की सारं संपलं. पुढच्या बैठकीत ठरावाच्या वहीत एक पान या कामाला द्या. काय ध्वनिमुद्रित केलं, कुणाचं, कोणत्या तारखेला, आणि दुसऱ्याला देण्याची तिची परवानगी आहे का. खाली सही किंवा अंगठा. एक प्रत फोनमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी दुसऱ्या गावच्या गटाकडं. आणि तीनचार वर्षांनी ती चालते का ते लावून बघायचं.

रोबर्टा विल्यम्स निवृत्त होऊन नवऱ्याबरोबर बोटीनं समुद्र हिंडत होती. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, जानेवारी २०२३ मध्ये, तिनं तोच गुहेचा खेळ नव्या रूपात आणला, जो खेळून ती पहिल्यांदा कागद पसरून बसली होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची अक्षरं कुणीतरी जपली होती, म्हणून तिला ते करता आलं. ठरावाच्या वहीतलं ते पान विसरू नका.