धारावीतील झोपडपट्टी पर्यटन

धारावीतील झोपडपट्टी पर्यटन म्हणजे मुंबईतील धारावी या दाट लोकवस्तीत मार्गदर्शकाच्या सोबतीने घडवून आणल्या जाणाऱ्या सशुल्क पायी फेऱ्या होत. या फेऱ्यांत पर्यटकांना वस्तीतील लघुउद्योग, गल्ल्या व दैनंदिन जीवन दाखवले जाते. या पर्यटनाचा लाभ रहिवाशांना मिळतो की केवळ त्यांच्या दारिद्र्याचे प्रदर्शन होते, हा वादाचा मुख्य विषय आहे.

पार्श्वभूमी

गरिबांच्या वस्त्या पाहावयास जाण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या ईस्ट एंड भागात व नंतर न्यू यॉर्कमध्ये रूढ झाली. १९९० च्या दशकात रिओ दि जानेरोतील रोसिन्या आणि दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे तिला संघटित व्यवसायाचे रूप आले. धारावीत ‘रिॲलिटी टूर्स अँड ट्रॅव्हल’ या संस्थेने २००६ मध्ये फेऱ्या सुरू केल्या. २००८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’ या चित्रपटानंतर परदेशी पर्यटकांचे कुतूहल वाढले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या टाळेबंदीमुळे फेऱ्या थांबल्या व त्यांवर अवलंबून असलेल्यांचे उत्पन्नही थांबले.

आर्थिक परिणाम

मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्यांत स्थानिक तरुणांचा समावेश असतो. या कामामुळे त्यांना रोजगाराबरोबर इंग्रजी संभाषणाचा सराव मिळतो. वर उल्लेखिलेली संस्था नफ्यातील ८० टक्के वाटा शिक्षणविषयक व अन्य सामाजिक उपक्रमांसाठी देण्याचे धोरण जाहीर करते. मात्र असे धोरण सर्वच आयोजकांना बंधनकारक नाही.

लाभाचे वाटप असमान आहे. कुंभारवाड्यातील कारागीर व चामड्याच्या वस्तूंचे दुकानदार पर्यटकांना थेट माल विकू शकतात. याउलट, तेरा कंपाउंड परिसरात प्लॅस्टिक वेचून वेगळे करणारा कामगार किंवा मजुरीवर पापड लाटणारी स्त्री यांचे काम पाहिले जाते, पण त्यांच्याकडून विकत घेण्यासारखे पर्यटकास काही नसते. धारावीच्या एकूण उलाढालीचा मुख्य आधार तेथील उत्पादन व पुनर्वापर हे उद्योग असून पर्यटनाचे स्थान दुय्यम आहे.

सामाजिक परिणाम

धारावी म्हणजे केवळ गुन्हेगारी व अस्वच्छता, ही समजूत बदलण्यास फेऱ्या साहाय्यभूत ठरतात, असे समर्थक मानतात. तथापि, अरुंद गल्ल्यांत घराचा उंबरठा थेट रस्त्यालगत असल्याने स्वयंपाक, धुणी-भांडी व मुलांचा अभ्यास हे सारे परक्यांच्या नजरेस पडते. या कारणास्तव काही आयोजकांनी छायाचित्रणास मनाई केली असून गटातील पर्यटकांची संख्याही मर्यादित ठेवली आहे.

टीका

केनियातील किबेरा वस्तीत वाढलेले केनेडी ओडेडे यांनी २०१० मध्ये ‘द न्यू यॉर्क टाइम्स’मधील लेखात अशा पर्यटनाला विरोध केला. पाहणारा अनुभव घेऊन परततो, पण वस्तीतील माणसाची प्रतिष्ठा मात्र हिरावली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेलिसा निस्बेट यांनी २०१७ च्या संशोधनात धारावी पाहिलेल्या पर्यटकांचे अभिप्राय अभ्यासले. उद्योगशीलतेचे कौतुक करताना दारिद्र्याची राजकीय कारणे दृष्टीआड होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पुनर्विकास

धारावी पुनर्विकास प्रकल्पाची निविदा २०२२ मध्ये अदानी समूहाने जिंकली. येथील अनेक घरांत राहणे आणि काम करणे एकाच छताखाली चालते. त्यामुळे पात्रतेच्या निकषांइतकाच कार्यशाळांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही रहिवाशांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पर्यटक जे उद्योग पाहावयास येतात, त्यांचे भवितव्यही याच प्रश्नाशी निगडित आहे.