ज्योतीवरचा फ्रिज

उन्हाळ्यात सोलापूरचा माणूस देवाआधी माठाला हात जोडतो. त्यामुळे टेम्पोतच घर थाटून भारतभ्रमणाला निघालेला भाचा "मामा, फ्रिज गॅसवर चालतो" म्हणाला, तेव्हा मी आधी त्यालाच उन्हातून आत घेतलं. पण पोरगं खरं बोलत होतं! प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ सालीच ते जमवलं : खाली ज्योत, नळ्यांत अमोनिया, पंप नाहीच. पुढं बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूनं एक कुटुंब दगावल्याचं वाचून आइन्स्टाइन आणि झिलार्डही बिनपंपाच्या फ्रिजमागे लागले. १९३० साली अमेरिकन पेटंट मिळालं. (जामीनदार कोण, हे कुणी विचारलं नाही.)

पण बंद गाडीत ज्योत नीट जळली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. मी भाच्याला टपावर सोलर आणि खाली बॅटरी बसवायला लावली. ऊन आमच्याकडे बिनव्याजी! ताईनं मात्र गाडीत गुपचूप माठही चढवला.