विम व्हान हानेगेम आणि डच फुटबॉलचे दुसरे घराणे

डच फुटबॉलचा इतिहास बहुधा ॲमस्टरडॅमपासून सांगितला जातो. आयाक्स हा तिथला क्लब, रिनस मिखेल्स हे त्याचे प्रशिक्षक, योहान क्रायफ हे त्याचे नायक आणि बचावपटूने आघाडीवर धावून जावे व त्याची मोकळी जागा दुसऱ्याने भरावी ही ‘टोटल फुटबॉल’ या नावाने गाजलेली पद्धत, असा त्याचा क्रम ठरूनच गेला आहे. तथापि युरोपियन चषक, म्हणजे युरोपातील विविध देशांच्या विजेत्या क्लबांमध्ये तेव्हा खेळली जात असलेली स्पर्धा, नेदरलँड्समध्ये सर्वप्रथम नेला तो १९७० मध्ये रॉटरडॅमच्या फेयेनोर्डने. आणि त्या संघाचा खेळ ज्यांच्या डाव्या पायातून वळत असे, त्या विम व्हान हानेगेम यांची कारकीर्द पाहिल्यावाचून या इतिहासाची दुसरी बाजू ध्यानात येत नाही.

व्हान हानेगेम यांचा जन्म २० फेब्रुवारी १९४४ रोजी झीलंड प्रांतातील ब्रेस्केन्स या बंदरगावी झाला. स्हेल्डे नदीच्या खाडीमुखाशी, दक्षिण काठावर वसलेल्या या गावावर त्या वर्षीच्या सप्टेंबरात मोठेच संकट कोसळले. दोस्तांच्या फौजांनी अँटवर्प घेतल्यावर दक्षिण काठावर कोंडले गेलेले जर्मन सैन्य येथूनच होड्यांनी पलीकडच्या फ्लिसिंगेनकडे निसटत होते, आणि ती वाट तोडण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी ११ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रेस्केन्सवर बाँब टाकले. त्यात गावातील जवळपास दोनशे माणसे दगावली. सात महिन्यांच्या विमचे वडील आणि काही भावंडेही त्यांत होती. जर्मनांविषयीचा राग व्हान हानेगेम यांनी पुढे कधी लपवला नाही. बाँब दोस्तांचे होते हा तपशील त्या रागाच्या कथेतून सहज निसटतो. पण गावावर ही वेळ आणली ती जर्मन आक्रमणाने, हेही तितकेच खरे असल्याने तो राग अनाठायी म्हणता येत नाही.

उट्रेख्तच्या वेलोक्स या क्लबातून त्यांनी सुरुवात केली, मग रॉटरडॅमच्या झेर्क्सेसकडून ते खेळले आणि १९६८ मध्ये फेयेनोर्डमध्ये आले. नेदरलँड्समध्ये पैसे घेऊन खेळण्यास अधिकृत मान्यता मिळून तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. व्हान हानेगेम धावण्यात संथच होते, आणि वेगाला देव मानणाऱ्या आजच्या फुटबॉलमध्ये त्यांची निवड झाली असती का, अशी शंका येते. ही उणीव ते नजरेने भरून काढत. चेंडू पायात येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्यांचे ठरलेले असे, आणि तो पास ते डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने देत. अशा फटक्याने चेंडू स्वतःभोवती फिरत हवेत वाक घेतो, बचावपटूला वळसा घालतो आणि धावत्या सहकाऱ्याच्या पुढ्यात उतरतो. लोकांनी त्यांना ‘वाकडा’ या अर्थाचे टोपणनाव दिले ते चालण्यातल्या किंचित वाकलेपणासाठी की या पासांसाठी, याची दोन्ही उत्तरे सांगितली जातात. चेंडू हिसकावून घेण्यात मात्र ते अगदी निष्ठुर होते.

ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट हापेल १९६९ मध्ये प्रशिक्षक झाले आणि त्यांनी विम यान्सेन, फ्रांत्स हासिल व व्हान हानेगेम अशी तिघांची मधली फळी उभी केली: एक अखंड धावणारा, एक कसबी आणि एक खेळाची लय ठरवणारा. त्या मोसमातील युरोपियन चषकात गतविजेत्या एसी मिलानविरुद्ध पहिला सामना फेयेनोर्डने एका गोलने गमावला. परतीच्या सामन्यात यान्सेन यांनी सुरुवातीला आणि व्हान हानेगेम यांनी अखेरच्या टप्प्यात गोल केल्याने मिलान बाहेर पडले. ६ मे १९७० रोजी मिलान शहरातच झालेल्या अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या सेल्टिकचे पारडे जड मानले जात होते. सेल्टिकच्या टॉमी जेमेल यांच्या गोलला फेयेनोर्डच्या रिनुस इस्राएल यांनी दोनच मिनिटांत उत्तर दिले आणि जादा वेळेच्या शेवटाकडे स्वीडनच्या ओवे किंडवाल यांनी विजयी गोल केला. आयाक्सने हा चषक त्यानंतर सलग तीनदा जिंकला, त्यामुळे आधीचा विजय झाकोळला गेला, आणि हा इतिहासकारांचा आळसच म्हटला पाहिजे.

१९७४ च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक या नात्याने मिखेल्स यांनी आयाक्स व फेयेनोर्ड या दोन्ही घराण्यांचे खेळाडू एकत्र आणले. ७ जुलै रोजी म्युनिकमधील अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्यापूर्वी डच संघाला पेनल्टी मिळाली व योहान नेस्केन्स यांनी गोल केला. त्यानंतर डच संघ चेंडू आपापसांत खेळवत राहिला, दुसऱ्या गोलची निकड त्याला वाटली नाही, आणि मध्यंतरापूर्वीच जर्मनीच्या ब्राइटनर व म्युलर यांच्या गोलांनी सामना फिरला. जर्मनांना हरवण्यापेक्षा त्यांची फजिती करण्याची आस आपल्याला अधिक होती, असे व्हान हानेगेम यांनी नंतर स्पष्टपणे सांगितले आहे. पराभवानंतर ते रडत मैदानाबाहेर गेले. १९७८ च्या स्पर्धेच्या तोंडावर त्यांनी संघ सोडला, आणि विशेष म्हणजे तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हापेलच होते.

अल्कमार, शिकागो आणि उट्रेख्त येथे खेळून व्हान हानेगेम फेयेनोर्डमध्ये परतले व १९८३ मध्ये निवृत्त झाले. प्रशिक्षक या नात्याने त्यांनी १९९३ मध्ये याच क्लबला राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले. १९८४ नंतरचे फेयेनोर्डचे ते पहिलेच विजेतेपद होते.