ध्वनितबकड्या, क्षतिग्रस्त : प्रतिलेखन व दुरुस्ती

ओरखडे पडलेल्या अंकीय ध्वनितबकडीवरील (सीडीवरील) मुद्रण संगणकीय संचिकेत उतरवून त्यातील दोष काढण्याची क्रिया. फिलिप्स व सोनी या कंपन्यांच्या १९८० च्या मानकानुसार या तबकडीवर प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. आय. एस. रीड व जी. सॉलोमन यांच्या संकेतावर (१९६०) आधारलेल्या योजनेमुळे मार्गावरील सु. २·५ मिमी. लांबीची सलग हानी पूर्णपणे भरून निघते. त्यापलीकडे वादक यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून गहाळ नमुन्यांचा अदमास करते. ऐकण्यापुरती ही सोय उत्तम. प्रत करताना मात्र तीच घातक ठरते, कारण अदमासही अस्सल मुद्रण म्हणून संचिकेत कायमचा शिरतो. शिवाय सीडी-रॉममधील दोषसुधाराचा जादा थर ध्वनितबकडीत नसतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सीडीपॅरानोया’ व ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या आज्ञावल्या प्रचारात आल्या. त्या संशयास्पद भाग पुनःपुन्हा वाचून वाचने परस्परांशी ताडून पाहतात. उरलेले अल्प खंड आसपासच्या ध्वनीच्या घडणीवरून भरतात. यान्सेन, फेल्टहाऊस व फ्रीस यांनी १९८६ मध्ये यासाठी गणिती पद्धत मांडली.

पॉलिकार्बोनेटावरील उथळ ओरखडे घासून काढता येतात. नावाच्या बाजूस मात्र ॲल्युमिनियमाच्या लेपावर रोगणाचा पातळ थर तेवढा असतो. लेप खरवडला गेल्यास तेथील मुद्रण परत मिळत नाही.